पाठक सर आणि देवळाची पाठ

पाठक सरांच्या हातात कोणतीही वस्तू दिली की ते आधी ती उलटी करत. बशी दिली की तिची खालची बाजू बघत, कॅलेंडर दिलं की मागचा कोरा कागद, पुस्तक दिलं की मलपृष्ठ. माझ्या लग्नाचा फोटो मी हौसेनं दाखवायला नेला, तर त्यांनी फ्रेम पालथी करून खिळे नीट मारलेत का ते पाहिलं आणि मग सावकाश आम्हा दोघांच्या चेहऱ्यांकडे वळले. "मागून पक्का आहे," म्हणाले. "पुढून चांगला दिसतच असणार." माझा नवरा श्रीकांत त्यांना तेव्हा पहिल्यांदाच भेटत होता. मामांना आपण पसंत पडलो नाही अशी त्याची समजूत झाली, ती निघायला दोन वर्षं लागली.

होय, ते माझे सख्खे मामा. औंढा नागनाथच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि मी त्यांच्याच वर्गात होते. साडेदहा ते पाच सर आणि उरलेला वेळ मामा, असा आमचा करार. एकदा वर्गात चुकून तोंडातून "मामा" निघालं, तेव्हा खडू खाली न ठेवता ते म्हणाले, "शाळेच्या आवारात तुझी आई माझी बहीण नाही." सगळा वर्ग हसला. मला मात्र त्या वाक्याचा अर्थ लावायला घरी येईपर्यंतचा रस्ता पुरला नाही.

मागची बाजू बघायचं हे वेड त्यांना लागलं ते आमच्या गावामुळे. औंढ्याच्या देवळात नंदी देवासमोर नाही, मागच्या बाजूला आहे. गावातल्या कुणालाही विचारा, तो कारण सांगेल. एक संत देवळासमोर कीर्तन करायला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागं जायला सांगितलं. ते निमूट मागं गेले आणि तिथं गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी तेवढा जागच्या जागी राहिला. ही गोष्ट औंढ्यात सगळे अभिमानानं सांगतात. मामा ती मान खाली घालून सांगायचे. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या देवळाच्या सेवेतलं. "त्यांना मागं घालवणारं आमच्याच घरातलं कुणीतरी असेल गं," असं म्हणायचे. "दुसरं कोण असणार? आमीच तर होतो तिथं."

मी लहानपणी यावर हसायचे. इतक्या शतकांपूर्वी कुणीतरी कुणाला उठवलं, त्याचं ओझं मामा कशाला वाहून राहिले, असं वाटायचं. पण त्यांनी ते खरोखर वाहिलं. नववीच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी स्वतः दुसरा फळा केला. टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी पूड आणि पाला वाटून दोन रविवार ते भिंत सारवत होते. नंतर मनाला येईल तेव्हा, शिकवता शिकवता ते बाकांच्या मधून चालत मागं जायचे आणि म्हणायचे, "चला, देऊळ फिरलं." मग आम्ही सगळ्यांनी उठून उलटं बसायचं. शेवटच्या बाकावरचे पहिले आणि पहिल्या बाकावरचे शेवटचे. आजूबाजूच्या खेड्यांतून चालत येणाऱ्या मुलींना उशीर व्हायचा, त्यामुळे मागचे बाक त्यांचेच असत. देऊळ फिरलं की त्या एकदम सरांच्या नाकासमोर यायच्या आणि पदरासारखी ओढणी पुढं ओढून बसायच्या. मी कायमची पहिल्या बाकावरची. मला ते देऊळ फिरणं मुळीच आवडत नसे.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. मुख्याध्यापक त्यांना घेऊन दारात उभे राहिले आणि बघतात तर चाळीस मुलं त्यांच्याकडे पाठ करून बसलेली. मुख्याध्यापकांना घाम फुटला. साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?" मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, आज तुमी मागच्या बाकावर आहात. बसा. तिथूनबी दिसतं." पुढं कार्यालयात बोलावणं झालं, बराच आवाज चढला. समज देऊन झाल्यावर सगळे शिक्षक साहेबांना नमस्कार करत, पाठ न दाखवता, तीन-चार पावलं मागं मागं सरकत बाहेर पडले. मामांनी नमस्कार केला, सरळ वळले आणि पाठ दाखवून चालू लागले. मुख्याध्यापक नंतर चिडले तेव्हा ते म्हणाले, "उलटं मी फक्त नागनाथासमोर चालतो." ते खरंच होतं. देवळाचा गाभारा जमिनीखाली आहे, उतरायला अरुंद पायऱ्या. वर येताना ते देवाकडे तोंड ठेवून त्या पायऱ्या उलटे चढत. गुडघे गेल्यावरही चढत. देव सोडून दुसऱ्या कुणासमोर मी त्यांना तसं चालताना पाहिलं नव्हतं.

असा हा माणूस. वर्गात कुणाचा अपमान करू नये, कुणाला मागं सारू नये म्हणून एवढा जपणारा. आणि तरीही त्यांच्या हातून एकदा ते घडलंच.

नववीला जगाच्या इतिहासात अथेन्सचा धडा होता. पुस्तकात टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिराचं एक धुरकट चित्र होतं. मामांना तो धडा फार प्रिय. फळ्यावर ते टेकडी काढत, दिशा दाखवत, चढायची वाट काढत. "ही वाट मावळतीकडून वर जाते. वर पोचलो, की समोर हे भव्य मंदिर. हे त्याचं तोंड." त्या दिवशी नेमकं देऊळ फिरलेलं होतं. पहिल्या झालेल्या बाकावर गोदावरी बसली होती, आम्ही तिला गोदा म्हणायचो. तीन मैलांवरच्या खेड्यातून चालत यायची. वर्षभरात तिचा आवाज आम्ही हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ही तर पाठ हाय."

"कशाची पाठ?"

"देवळाची. तुमीच सांगितलं न, जुन्या देवळायचं तोंड उगवतीला असतं. मंग वाट मावळतीकून हाय म्हनल्यावर आपुन मागूनच येऊन राहिलो की. समोर पाठच दिसंल."

मामा हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, पण हसले. म्हणाले, "अगं, ते अथेन्स आहे. सगळ्या जगातले देव काय औंढ्यासारखे फिरून बसत नाहीत. बस खाली." वर्ग खो खो हसला. गोदा बसली. मधल्या सुटीत मी, पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेल्याच्या रागात, तिला एक नाव ठेवलं. पाठमोरी. लोक मला माझी पहिली साहित्यकृती कोणती म्हणून विचारतात तेव्हा मी एका कथेचं नाव सांगते. खरी पहिली ही. ती इतकी चालली की पंधरा दिवसांत सगळी शाळा तिला पाठमोरी म्हणू लागली. गोदा नंतर कधी उभी राहिली नाही. देऊळ फिरायचं त्या दिवशीही ती मान वर करत नसे. नववीनंतर तिचं लग्न झालं आणि ती पुसेगावला गेली. तिनं शाळा त्या नावामुळे सोडली असं मी म्हणणार नाही, तेव्हा खेड्यातल्या बहुतेक मुलींची शाळा नववी-दहावीलाच सुटायची. पण शाळेतून जाताना ती काय घेऊन गेली, हे मला ठाऊक होतं.

मामा निवृत्त झाले. मामी गेल्या. मूलबाळ नव्हतं. औंढ्याच्या घरात एकटेच राहायचे, सकाळी देऊळ, दुपारी वाचन, संध्याकाळी यात्रेकरूंना गाठून देवळाच्या मागच्या भिंतीवरची शिल्पं दाखवणं. लोक दर्शन घेऊन घाईनं निघायचे, हे त्यांची वाट अडवून उभे. "पुढून सगळेच बघतात हो. जरा मागं चला." काही जण जायचे, काही जण हा कुणी पैसे मागणारा दिसतो असं समजून सटकायचे. मामांना त्याचं काही वाटत नसे.

मी हिंगोलीला राहते, पुस्तकं लिहिते. त्यातली दोन प्रवासाची आहेत. मुक्ता, आमची मुलगी, नोकरीला लागली आणि म्हणाली, या वर्षी आपण सगळे रोम आणि अथेन्सला जाऊ. मी लगेच मनातल्या मनात तिसऱ्या पुस्तकाची पहिली ओळ लिहिली. श्रीकांत म्हणाला, "मामांना घेऊ. जन्मभर शिकवलं त्यांनी ते, बघायला नको?" मामा तेव्हा सत्त्याहत्तरचे. मी विचारलं तर म्हणाले, "मी काहून? मला सगळं पाठ आहे." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं हिंगोलीला आले ते पासपोर्टला लागणारे सगळे कागद घेऊनच.

रोममध्ये त्यांनी आमच्या गटाला जेरीस आणलं. कोणतीही इमारत आली की गट पुढच्या बाजूला फोटो काढत उभा आणि मामा मागं गायब. कोलोसियमला तर बस अर्धा तास थांबून राहिली. मी शोधायला निघाले तर ते पलीकडून काठी टेकत येताना दिसले, चेहरा घामानं डबडबलेला आणि खूश. "पूर्ण चक्कर मारली. याला पाठच नाही गं! गोल आहे. बांधणारा हुशार, कुणालाच मागं बसवलं नाही त्यानं." मुक्ता तोपर्यंत आतली माहिती वाचून आली होती. ती म्हणाली, "आजोबा, आत बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. मोठे लोक खाली पुढं, गरीब आणि बायका पार वरती." मामांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "म्हणजे मागं नव्हतं, वर होतं," म्हणाले आणि बसमध्ये येऊन गप्प बसले. गटातल्या एका काकूंनी मला हळूच विचारलं की त्यांची तब्येत बरी आहे ना.

अथेन्सला सकाळी टेकडी चढलो. संगमरवर पायांनी घासून गुळगुळीत झालेला, मामांचा एक हात श्रीकांतच्या खांद्यावर. वर पोचताच त्यांनी बूट काढले. तिथल्या रखवालदार बाईनं खुणेनं घालायला सांगितलं. "देऊळ आहे ना?" मामा मराठीत तिला म्हणाले आणि नाइलाजानं बूट घातले. समोर पार्थेनॉन. एका अंगाला दुरुस्तीच्या परांच्या बांधलेल्या. पुस्तकातलं ते धुरकट चित्र आमच्यासमोर मोठं होऊन उभं होतं, अगदी त्याच बाजूनं. मामांचे डोळे भरले. मला ते आवडलं, कारण मला ते लिहायचं होतं. हे मी आता कबूल करते.

"चला," मामा म्हणाले, "आता याची पाठ बघू."

गट तिथंच फोटो काढत होता. आम्ही चौघं एका बाजूच्या खांबांच्या रांगेला लागून सावकाश चालत पलीकडच्या टोकाला गेलो. या बाजूला सावली होती. कोपरा वळलो आणि अंगावर ऊन आलं. सगळी भिंत, सगळे खांब उन्हात उभे. तिथं आमची स्थानिक मार्गदर्शक, पांढऱ्या केसांची एक बाई, आधीच येऊन दुसऱ्या कुणाला काही समजावत होती. मामांनी मुक्ताला सांगितलं, "तिला विचार, पाठीमागं काय होतं."

मुक्तानं विचारलं. बाई हसल्या आणि बोलू लागल्या. मुक्ता ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. ती म्हणाली, "आजोबा, त्या म्हणतायत ही पाठ नाही. हे तोंड आहे. मंदिराचं तोंड पूर्वेला. देवीची मूर्ती या बाजूला असायची, सूर्य उगवला की दार उघडायचे. आपण चढून आलो ती मागची बाजू. सगळे तिकडूनच येतात, आणि फोटोतही बहुतेक तीच असते. खूप जण तिलाच तोंड समजतात."

जवळ एक पडका दगड होता, मामा त्यावर बसले. मला वाटलं चक्कर आली. पाणी पुढं केलं तर त्यांनी हातानं बाजूला सारलं. उन्हात डोळे किलकिले करून ते त्या खांबांकडे बघत होते. मग म्हणाले, "गोदा कुठं दिली गं?"

मी लगेच समजले. म्हणजे मीही विसरले नव्हते. "पुसेगावला," म्हणाले.

"हजेरी नंबर एकतीस," ते म्हणाले. "नकाशा माझा, दिशा माझ्या, देवळाचं तोंड उगवतीला असतं हे शिकवलेलं माझं. चाळीस पोरांत एकीनं ते बराबर जोडलं. आणि मी तिला बस खाली म्हणालो." थोड्या वेळानं म्हणाले, "घराण्याचं वळण गेलं नाही बघ. गाणाऱ्याला मागं घालवलंच मी."

"मामा, तुम्हाला माहीत नव्हतं."

"मग माहीत नाही म्हणायचं होतं. हसायचं नव्हतं."

उरलेल्या प्रवासात त्यांनी कशाचीही पाठ बघितली नाही. जिथं नेलं तिथं आले, उभे करू तिथं उभे राहिले. काकूंनी पुन्हा तब्येतीचं विचारलं. विमानात मी वहीत काही टिपत होते तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "हे इतक्यात लिहू नको. आधी तिला सांगू. तिच्या आधी दुसऱ्या कुणी वाचायचं नाही." मी वही मिटली. दिवाळी अंकाच्या संपादकांना मी या प्रवासावर लेख कबूल केला होता, त्यांना नंतर नकार कळवला.

हिंगोलीला आल्यावर मी म्हणाले, गोदाचा नंबर मिळवते, फोनवर बोला. प्रवासानं त्यांचे गुडघे सुजले होते, डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका सांगितलं होतं. मामा चिडले. "वर्गात बोललो होतो मी, चाळीस जणांसमोर. फोनवर कानात सांगून कसं चालंल? आणि समज, तिला भेटायच्या आधी मी गेलो तर? नाहीतर ती? लवकर ने मला." ते एवढे हट्टाला पेटलेले मी कधी बघितले नव्हते. रोज सकाळी त्यांचा फोन. "कधी?" एवढंच विचारायचे. मला झोप लागेना. गोदा आहे की नाही, ओळखेल की नाही, आणि ओळखलं तर मला काय म्हणेल, हे माझ्या डोक्यात फिरून राहिलं होतं. माझ्यासमोर तर माझं स्वतःचंच काम होतं, ते मी मामांच्या आडून टाळत होते.

शेवटी एका सकाळी श्रीकांतनं गाडी काढली. औंढ्याहून मामांना घेतलं, हिंगोलीवरून सेनगावच्या रस्त्याला लागलो. हळद शिजवायचे दिवस होते, रस्त्याकडेला वाफेचे कुकर धुमसत होते आणि हवेत तो उग्र ओला वास. पुसेगावात विचारत विचारत गेलो तर घर गावाच्या टोकाला निघालं. पुढं मोठं अंगण, अंगणभर शिजलेली हळद वाळत घातलेली. सात-आठ माणसं कामात होती. डोक्यावर पदर घेतलेली, हात कोपरापर्यंत पिवळे झालेली एक बाई कमरेवर हात ठेवून कुणाला तरी ओरडून काही सांगत होती. आवाज खणखणीत. शाळेत हा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता.

तिनं मामांना बघितलं आणि पदर नीट केला. "सर?" म्हणाली. "पाठक सर न तुमी?"

पाणी आलं, बाज टाकली गेली, चहाची तयारी सुरू झाली. मामा बसेनात. "गोदावरी, तुझ्या घरच्या सगळ्यांना बोलाव. कामावरच्यांनाही. मला शिकवायचं आहे."

सगळे गोंधळले. गोदाचा नवरा, मुलगा, सून, कामाच्या बाया, सगळे हात पुसत येऊन अंगणात बसले. मामा समोर काठी घेऊन उभे. गोदा काही पुढं आली नाही. ती सगळ्यांच्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून उभी राहिली. मामांनी ते बघितलं. मग ते बसलेल्या माणसांच्या मधून, काठी टेकत, वाट काढत चालू लागले. सुनेनं पाय मागं घेतले. ते थेट मागं, त्या दारापाशी जाऊन थांबले आणि वळून सगळ्यांना म्हणाले, "आता इकडं तोंड करून बसा. देऊळ फिरलं."

त्या अंगणात ते शब्द दोघींनाच कळले. गोदानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली.

त्यांनी मातीत काठीनं टेकडी काढली. दिशा लिहिल्या. मावळतीकडून वाट काढली, वर चौकोन काढला. आवाज थकलेला होता, पण वर्गातलाच. "मी अथेन्सला जाऊन आलो. या चौकोनाचं तोंड इकडं आहे, उगवतीला. वाट इकडून येते, म्हणून समोर दिसते ती पाठ. मी तीस वर्षं पोरांना तिलाच तोंड म्हणून शिकवलं. या बाईनं मला नववीत असताना खरं सांगितलं होतं. घरबसल्या, नकाशा बघून. मी तिला हसलो आणि खाली बसवलं. ते चुकलं माझं. गोदावरी, तुझं बराबर होतं."

गोदाचा नवरा बायकोकडे असा बघत होता जणू तिला कुणी शेजारच्या गावातून आताच आणून उभी केली आहे. गोदा त्या मातीतल्या चौकोनाकडे बघत होती.

"मला म्हाईत व्हतं सर," ती हळूच म्हणाली.

मामा तिच्याकडे वळले. "मग परत काहून नाही बोललीस? एकदा तरी?"

"एकदा सांगितलं व्हतं की," गोदा म्हणाली.

त्यात राग नव्हता. तिनं ते जसं घडलं तसं सांगितलं. मामांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मला आणखी थांबवेना. मी म्हणाले, "गोदा, ते नाव मी ठेवलं होतं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सुचलं असतं का तसं." मग म्हणाली, "लई दिवस माह्या ध्यानात राह्यलं ते. लेकरं झाल्यावर गेलं." तिनं माझ्या हातात चहाचा कप दिला. कपाच्या कानावर तिच्या बोटांची हळद लागली होती, ती माझ्या बोटांना लागली. मी माफी मागितली, तिनं मान हलवली. ती मान माफ केलं म्हणून हलली की राहू दे म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर मामा पावसाळाभर होते. मग गेले. देवळाच्या मागच्या भिंतीपाशी यात्रेकरूंना अडवणारं आता कुणी नाही. मी औंढ्याला जाते तेव्हा मागं चक्कर मारते, नंदीपाशी थांबते. पण ते आठवतात ते तिथले नाही, पुसेगावच्या त्या अंगणातले.

चहा झाला, निघायची वेळ झाली. गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्यावर. गोदा वाकून पाया पडली. मामांनी तिला उठवलं, काठी काखेत घेतली आणि तिला हात जोडले. मला वाटलं आता वळतील. ते वळले नाहीत. तिच्याकडे तोंड ठेवून, जोडलेले हात तसेच ठेवून त्यांनी एक पाऊल मागं टाकलं. मग दुसरं. श्रीकांत धरायला धावला तर मानेनंच त्याला नको म्हणाले. सत्त्याहत्तर वर्षांचा, गुडघे सुजलेला माणूस, वाळत घातलेल्या हळदीच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं उलटा चालत होता. कामावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. एका ठिकाणी त्यांची टाच हळदीत गेली, ते झोकांडले, सावरले. गोदा ओरडली, "सर, मागं बघा, पडसाल!"

मी त्यांना जन्मभर ओळखत होते. त्या दिवशी त्यांनी मागं बघितलं नाही. गाडीच्या दाराला पाठ टेकेपर्यंत ते तिच्याकडे बघत, हात जोडून, तसेच चालत आले.